जुना स्टुडंट सॅक्सोफोन घेताय? मग आधी तो नीट तपासा, भाव नंतर बोला

जुना स्टुडंट सॅक्स घ्यायचा म्हटलं की सल्ले देणारे दोन टोकांवर उभे असतात. एकाचं म्हणणं जुनं ते सोनं, हल्लीच्या पत्र्याला तो आवाजच नाही, आणि दुसरा म्हणतो शाळेतल्या पोरांनी आपटून आपटून खिळखिळा केलेला माल, हात लावू नकोस. गंमत म्हणजे दोघांनीही ते वाद्य हातात घेतलेलं नसतं. माझं आपलं सरळ मत आहे, बेलवरच्या (म्हणजे फुललेल्या तोंडावरच्या) नावावर भाव ठरतो आणि वाजतो कसा हे ठरतं पॅड (भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या) नीट बसतात का आणि नळी सरळ आहे का यावर, त्यामुळे नीट सेटअप केलेला साधा बंडी (सेल्मरचा शाळकरी पोरांसाठीचा स्वस्त सॅक्स) हा लीक होणाऱ्या, म्हणजे हवा निसटणाऱ्या यामाहाला कधीही भारी पडतो. तर बघायचं काय आणि कसं ते सांगतो, अल्टो धरून सांगतोय पण त्याहून मोठ्या, खालच्या सुराच्या टेनरलाही बहुतेक सगळं तसंच लागू आहे.

आधी हे सॅक्स एवढे ढिगाने कुठून आले ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शाळाशाळांत बँड होते आणि त्यांना स्वस्त, दणकट, पटकन दुरुस्त होणारी वाद्यं हवी होती, म्हणून कॉन, ब्यूशर, मार्टिन, किंग, सेल्मरची अमेरिकन कंपनी या सगळ्यांनी महागड्या मॉडेलच्या खाली एक विद्यार्थ्यांची लाइन काढली. यातल्या बऱ्याच जणी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या एकाच गावातल्या. महागड्या मॉडेलशी तुलना केली तर फरक कुठे असायचा, तर बेलवर नक्षीकाम कमी, पोस्ट (चाव्या धरणारे छोटे खांब) पट्टीवर न बसवता बरेचदा थेट नळीवर सोल्डर केलेले, चाव्यांना निकेल, आणि हाताने शेवटचा हात फिरवायला वेळ कमी. नळीचा आतला आकार मात्र कित्येकदा चांगल्या मॉडेलवरूनच उचललेला असायचा. सेल्मरने १९६३ मध्ये ब्यूशर विकत घेतली आणि मग ब्यूशरच्या अ‍ॅरिस्टोक्रॅटचाच, म्हणजे त्यांच्या चांगल्या मॉडेलचाच, वारसा बंडीच्या नावाखाली शाळांत गेला. म्हणून जुना बंडी दिसायला अगदी गरीब पण आवाज ऐकलात तर चांगला भरदार, जाड.

आता नावं. यामाहाचा वायएएस-२३ हा या सगळ्यातला सगळ्यात बिनघोर, त्याच्या आधी २१ होता. यामाहाच्या नंबरात पहिला आकडा दर्जा सांगतो, दोनवाला विद्यार्थ्यांचा, पाचवाला मधला, सहावाला प्रोफेशनल. २३ नंतर २७५ आणि मग २८० आला, म्हणजे वंश तोच चालू आहे. सूर जागेवर, बोटांना सोपा, सुटे भाग मिळतात आणि कुठल्याही रिपेअरवाल्याने यापूर्वी असे खंडीभर उघडलेले असतात. आवाज थोडा साधा आहे, सरळमार्गी म्हणा, पण शिकणाऱ्याला ते बरंच. याच्या जवळचा आणि कमी भावात मिळणारा म्हणजे व्हिटो. व्हिटो हे लेब्लांक कंपनीचं नाव, पण ते स्वतः बनवत नसत, कधी फ्रान्सच्या बोन्ये कारखान्यातून, कधी यामाहाकडून, नंतर तैवानमधूनही बनवून घेत. म्हणून नुसतं व्हिटो लिहिलंय यावर जाऊ नका, मागे अंगठ्याच्या हुकाजवळ सिरियल नंबरच्या आसपास जपान असा शिक्का आहे का ते बघा, असेल तर तो बहुतेक दुसऱ्या नावाने विकलेला यामाहाच असतो, आणि विकणाऱ्यालाही ते बरेचदा माहीत नसतं. फ्रेंच व्हिटोही वाईट नाहीत, उलट त्यातले काही फार गोड वाजतात, फक्त त्यांच्या चाव्यांची मांडणी जुन्या पद्धतीची.

कॉनचा डायरेक्टर म्हणजे अल्टोत १४एम, टेनरमध्ये १६एम, बेलवर तारे तुटताना दाखवलेली नक्षी असते म्हणून लोक त्याला शूटिंग स्टार म्हणतात. सुरुवातीचे एल्कहार्टचे १४एम चांगले, मोठा पसरट आवाज. पुढे कॉनने कारखाना हलवला, मेक्सिकोत बनलेले २०एम वगैरे आले आणि त्यांच्याबद्दल रिपेअरवाले फार प्रेमाने बोलत नाहीत, चाव्या मऊ आणि सेटिंग टिकत नाही. किंगचा क्लीव्हलँड हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, मोकळा आवाज आणि भाव कमी. बंडी टू हा बंडीचा नंतरचा भाऊ, दणकट आहे पण पहिल्या बंडीसारखा रंग नाही, काहींना तो जडही वाटतो. मार्टिनचा इंडियाना मिळाला तर वाजवून बघाच, फक्त एक लक्षात ठेवा, मार्टिनचे टोनहोल, म्हणजे पॅडने झाकायच्या भोकांच्या कडा, नळीतून ओढून काढलेले नसतात, वेगळे बनवून सोल्डरने चिकटवलेले असतात, आणि इतक्या वर्षांनी त्या सोल्डरमधूनच कधीकधी हवा जाते, पॅड कितीही बदला लीक तसाच. बंडी स्पेशल नावाचा एक प्रकार आहे तो जर्मनीच्या काइलवर्थ कंपनीने बनवलेला, तो साध्या बंडीपेक्षा वरचा.

विंटेज या शब्दाला भुलू नका. १९२० च्या दशकात सी मेलडी नावाचे सॅक्स प्रचंड खपले, अल्टो आणि टेनरच्या मधला आकार, सी सुरातला, घरी पियानोबरोबर वाजवायला सोपा म्हणून. आता बँडमध्ये त्याला जागा नाही आणि माहीत नसलेले विक्रेते तो टेनर म्हणून विकतात. वाद्य म्हणून मजेशीर आहे, शिकायला घेऊ नका. दुसरा सापळा हाय पिचचा. त्याच जुन्या काळात काही वाद्यं वरच्या पिचवर (सुराच्या पट्टीवर) बनायची, ए हा सूर ४४० हर्ट्झऐवजी ४५७ च्या आसपास, आणि अशा सॅक्सवर नंबरापाशी एच किंवा हाय पिच कोरलेलं असतं. माउथपीस बाहेर ओढून हा फरक जात नाही कारण सगळे टोनहोलच त्या हिशोबाने पाडलेत, म्हणजे ते वाद्य शोभेचंच. एल किंवा लो पिच असेल तर चिंता नाही, तेच आजचं पिच.

आता वाद्य समोर आहे असं धरू. लॅकर (पितळावरचा चकचकीत थर) उडालंय, पितळ काळं पडलंय, बेलवर ओरखडे आहेत, हे सगळं सोडून द्या, त्याने आवाजावर परिणाम होत नाही आणि भाव पाडायला उलट उपयोगच होतो. मला भीती वाटते ती अति चकचकीत जुन्या सॅक्सची, कारण पुन्हा लॅकर मारताना आधी घासतात, आणि जास्त घासलं तर टोनहोलच्या कडा पातळ होतात. नक्षी आणि सिरियल नंबर पुसट दिसले की समजायचं घासलाय.

पहिली नजर नेकवर टाका, म्हणजे वरच्या वाकड्या नळीवर. ती काढून हातात घ्या आणि बाजूने धरून बघा. माउथपीस घट्ट असताना लोक नेकवर जोर देऊन ढकलतात आणि ती खाली झुकते, याला पुलडाउन म्हणतात. ओळखायची खूण अशी, वाकाच्या वरच्या बाजूला सपाटपणा येतो, खालच्या बाजूला बारीक सुरकुत्या किंवा फुगवटा, आणि समोरून पाहिलं तर नळी गोल न दिसता अंडाकृती दिसते. थोडी झुकली असेल तर कारागीर सरळ करतो, पण सुरकुत्या पडल्या असतील तर ते काम नाजूक आहे. मग नेक जागेवर बसवून स्क्रू घट्ट करा आणि हलवून बघा, हलत असेल तर तिथून हवा जाणार आणि सगळे खालचे सूर बोंबलणार.

मग सॅक्स आडवा धरून डोळ्यासमोर नळीच्या बाजूने लांब रॉड असतात त्यांच्या रेषेत बघा, बंदुकीचा नेम धरल्यासारखं. रॉडला धनुष्यासारखा बाक दिसला तर नळीच वाकलीय, बहुतेक उजव्या हाताच्या भागात, पडलेल्या वाद्यात हे नेहमीचं. बेल नळीच्या बरोबर मधोमध आहे का एका बाजूला सरकलीय तेही बघा, बेलवर पडलेल्या सॅक्समध्ये बेल आणि नळीला जोडणारी कडी आत घुसून नळीला खड्डा पाडते आणि त्याच्या आसपासचे टोनहोल वाकडे होतात. खालच्या यू आकाराच्या बोला छोटे डेंट असतील तर फार बिघडत नाही. टोनहोलला लागून डेंट असेल तर मात्र तो महाग पडतो, आणि कॉनच्या साधारण १९४७ पर्यंतच्या वाद्यांत टोनहोलच्या कडा गुंडाळलेल्या असतात, त्या कानशीने सपाट करता येत नाहीत हे लक्षात असू द्या. पितळावर गुलाबीसर ठिपके दिसले तर त्याला रेड रॉट म्हणतात, पितळातलं जस्त निघून गेलेलं असतं. बाहेरून एखाददुसरा ठिपका असेल तर चालतं, पण नेकला भरपूर असेल तर सोडून द्या.

चाव्यांची तपासणी हाताने करायची. प्रत्येक लांब चावी चिमटीत धरून रॉडच्या दिशेने पुढेमागे आणि वरखाली हलवा, खडखडली तर झीज झालीय, आणि झिजलेल्या चावीवर नवा पॅड बसवला तरी तो दरवेळी वेगळ्या जागी टेकतो. स्प्रिंगवर गंज आहे का, स्क्रूची खाच घासलेली आहे का, हे बघा. जाम झालेले स्क्रू सोडवायला रिपेअरवाल्याचा वेळ जातो आणि तो वेळ आपल्याच बिलात येतो. पॅडला बोट लावा, चामडं मऊ आणि पिवळट तपकिरी असेल तर बरं, काळं कडक, फाटलेलं किंवा टोनहोलची खोल घडी पडलेलं असेल तर त्याचे दिवस भरले. केसमधून, म्हणजे वाद्याच्या पेटीतून, कुबट वास येत असेल तर केस वेगळी टाकून द्यायची तयारी ठेवा, तो वास वाद्यालाही चिकटतो.

ऑक्टेव्हची तपासणी न वाजवता होते आणि बहुतेक लोक ती करतच नाहीत. डाव्या हाताची तिन्ही बोटं जी सुरासाठी दाबा, अंगठ्याने ऑक्टेव्हची, म्हणजे सप्तक बदलायची, की (चावी) दाबा. आता नेकवरचा छोटा पॅड बंद राहायला पाहिजे आणि नळीवरचा उघडला पाहिजे. अंगठा तसाच ठेवून तिसरं बोट उचला, म्हणजे सूर ए झाला, की लगेच नेकवरचा उघडला पाहिजे आणि नळीवरचा बंद झाला पाहिजे. जी सूर धरलेला असताना अंगठा जरा जोरात आपटा, नेकवरची की थोडीशी जरी उडाली तरी वाजवताना आवाज फाटणार. बरेचदा नुसतं नेकवरचं कडं थोडं वाकवलं की हे सुटतं, म्हणून यावर सौदा मोडायचा नाही, पण भाव कमी करायला मुद्दा चांगला आहे.

आता वाजवायचं. स्वतःचा माउथपीस आणि नवी दोन किंवा अडीच नंबरची रीड (माउथपीसला बांधायची वेताची पट्टी) घेऊन जा, ही गोष्ट विसरू नका, कारण जुन्या केसमध्ये पडलेल्या माउथपीसवर कुणीतरी दात घासलेले असतात आणि त्यावरून वाद्याचा न्याय करणं म्हणजे अन्याय. यामाहा ४सी किंवा सेल्मर एस८० सी स्टार, यांपैकी कुठलाही चालेल. स्वतःला वाजवता येत नसेल तर वाजवणारा माणूस बरोबर घ्या. मधला जी धरा आणि तिथून एकेक सूर खाली या, एफ, ई, डी, सी, बी, आणि सगळ्यात खालचा बी फ्लॅट, तेही हळू आवाजात. जोरात फुंकलं की लीक झाकला जातो, विकणारा नेमका तसाच वाजवून दाखवतो. हळू वाजवताना जिथे सूर गुरगुरतो, उडी मारून वरच्या सप्तकात जातो किंवा बोटं दाबून धरावी लागतात, तिथे किंवा त्याच्या वर कुठेतरी हवा निसटतेय.

इथे एक खास चाचणी आहे ती करा. खालचा एफ, मग ई, मग डी वाजवताना डाव्या करंगळीने जी शार्पची की दाबा. सूर तसाच राहिला पाहिजे, काही फरक पडता कामा नये. सूर गुरगुरला किंवा बसला तर जी शार्पचा पॅड दाबून धरणारा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू किंवा कॉर्क हललाय. जुन्या सॅक्समध्ये खालचे सूर न येण्याचं हे इतकं नेहमीचं कारण आहे की किती तरी वाद्यं यामुळे भंगार म्हणून विकली जातात, आणि ठीक करायला स्क्रूड्रायव्हरचा पाव फेरा पुरतो. तसंच डावं पहिलं बोट आणि उजवं पहिलं बोट धरून बी फ्लॅट वाजवा, तो घोगरा आला तर तिथेही तेच. एक फरक लक्षात घ्या, खालचा बी आणि बी फ्लॅट मोटारबोटीसारखा थरथरतो तेव्हा कधीकधी लीक नसतो, नळी आणि माउथपीसचं जमत नसतं. बोमध्ये माउथपीसचं टोपण टाकून बघा, थरथर थांबली तर वाद्य खराब नाही, माउथपीस बदलला की बहुतेक सुधारतं.

लीक लाइट (नळीत सोडायचा दिवा) मिळाली तर उत्तम, नाहीतर एलईडीची बारीक पट्टी नळीत सोडून खोलीत अंधार करा. की हलक्या बोटाने दाबा, गच्च दाबू नका, आणि पॅडच्या कडेने फिरत फिरत उजेडाची रेघ दिसते का बघा. मागच्या बाजूला म्हणजे बिजागरीच्या बाजूला दिसली तर पॅड जाडीला चुकलाय किंवा सरकलाय, पुढच्या बाजूला दिसली तर चावी वाकलीय. दोन पॅड एकत्र बंद होतात तिथे एक बसतो आणि दुसरा अर्धवट राहतो, हे बघायला उजेडासारखं दुसरं साधन नाही. पट्टीही नसेल तर सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली घालून दाबा आणि ओढा, सगळीकडे सारखाच अडकला पाहिजे.

ट्यूनर लावून सूरही बघा, पण नुसता एक सूर लावून समाधान मानू नका. गरम झाल्यावर खालचा आणि वरचा डी, मधला सी शार्प, आणि वरचे ए, बी हे तपासा. मधला सी शार्प बऱ्याच सॅक्समध्ये खाली असतो आणि मधला डी वर, थोडाफार फरक ओठांनी सांभाळायचा असतो, त्याला वाद्याचा दोष म्हणू नका. मात्र खूप जुन्या, १९२० च्या आसपासच्या वाद्यावर आजचा अरुंद चेंबरचा (आतल्या पोकळीचा) माउथपीस लावला तर वरचे सूर सुटतात, त्याला मोठ्या चेंबरचा माउथपीस लागतो. १९५० नंतरच्या स्टुडंट सॅक्समध्ये हा प्रश्न बहुतेक येत नाही.

बोटांच्या सोयीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. आजच्या सॅक्सची चाव्यांची मांडणी सेल्मरने १९३६ च्या सुमाराला बॅलन्स्ड अ‍ॅक्शन या मॉडेलमध्ये आणली, पण अमेरिकन स्टुडंट मॉडेलांनी जुनी मांडणी कितीतरी वर्षं सोडली नाही. डाव्या करंगळीचा टेबल (तिच्या चाव्यांचा गट) जड, बी आणि बी फ्लॅटला करंगळी लांबवावी लागते, आणि लहान मुलाचा हात असेल तर तो खालच्या सुरांना वैतागतो. अशा पोराला यामाहा किंवा जपानी व्हिटोच द्या, भले भाव थोडा जास्त पडो. मोठ्या माणसाला सवय होते, आठवड्याभरात हात बसतो.

आता किंमत. अल्टोवर वीसेक ते पंचवीस पॅड असतात आणि सगळे बदलून, कॉर्क आणि सेटिंगसकट ओव्हरहॉल करायचं काम स्टुडंट सॅक्सच्या भावाच्या बरोबरीचं, कधी जास्तच पडतं. म्हणून भाव ठरवताना आधी रिपेअरवाल्याला फोटो दाखवून अंदाज घ्या, मग वाद्याची किंमत अधिक दुरुस्ती अशी बेरीज करा, आणि त्या बेरजेत तसाच नीट वाजणारा सॅक्स तयार मिळतो का ते बघा. यामाहा २३ वर हा खर्च बसतो कारण विकताना परत निघतो. बंडी, क्लीव्हलँड, डायरेक्टरवर ओव्हरहॉल करून पैसे निघत नाहीत, पण स्वतः बरीच वर्षं वाजवणार असाल तर तो हिशोब वेगळा. दोन-चार पॅड आणि सेटिंगचंच काम असेल तर कुठल्याही चांगल्या जुन्या मॉडेलवर करा, नव्या अनोळखी ब्रँडच्या स्वस्त सॅक्सपेक्षा ते बरं ठरतं, कारण त्या नव्यांच्या चाव्या मऊ असतात आणि सुटे भाग मिळतच नाहीत. विकणारा म्हणाला की फक्त पॅड बदलले की झालं, तर त्यालाच सांगा मग तूच बदलून दे आणि त्याप्रमाणे भाव घे. बहुतेक जण इथे गप्प होतात.

न बघता लांबून मागवणार असाल तर फोटोंची यादी स्पष्ट द्या. नेक बाजूने, बेल समोरून, रॉडच्या रेषेतला एक, सिरियल नंबर, दोन-चार पॅड जवळून, आणि शक्य असेल तर खालच्या बी फ्लॅटपर्यंत हळू वाजवलेला व्हिडिओ. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा. पाठवताना नेक आणि माउथपीस बेलमध्ये टाकायचे नाहीत, वेगळे गुंडाळायचे. नळीचं वरचं तोंड प्लगने बंद करा, चाव्या हलू नयेत म्हणून बेलच्या चाव्यांखाली मऊ कापडाची किंवा कॉर्कची पाचर द्या, आणि जुन्या केसमध्ये सॅक्स खेळतो म्हणून मोकळ्या जागेत कापड कोंबून केस मग मोठ्या खोक्यात घाला. वाटेत केस पडली तर आतल्या आत बेलला धक्का बसतो आणि बाहेरून काही दिसतही नाही, म्हणून आल्या आल्या रॉडच्या रेषेतली ती तपासणी परत करा, वाजवायच्या आधी.

घरी आणल्यावर ब्रासो वगैरे लावायची घाई नको, पॉलिश चाव्यांच्या सांध्यांत जातं आणि पॅडची वाट लागते. कोरड्या कापडाने पुसा, वाजवून झालं की दरवेळी आतून स्वॅब (ओल पुसणारं कापड) ओढा, नेकच्या कॉर्कला ग्रीस लावा म्हणजे माउथपीस सहज चढेल आणि पुढचा पुलडाउन तुम्ही स्वतः करणार नाही. जी शार्प आणि खालचा सी शार्प चिकटत असतील तर पॅडखाली तोच पातळ कागद ठेवून की दाबा आणि कागद हलकेच ओढा. पहिला महिना वाजवल्यावर काही सेटिंग हलतात, कारण इतकी वर्षं पडून राहिलेले पॅड आणि कॉर्क दाबले जातात, तेव्हा एक चक्कर रिपेअरवाल्याकडे मारायचीच, आणि ते पैसे आधीच्या बेरजेत धरून ठेवा.